पडद्याच्या आमच्या बाजूचा चोर

मागच्या उन्हाळ्यात पुण्याहून एक बाई आल्या. जुन्या मुक्या चित्रपटांचा अभ्यास करतात म्हणे. निजामाच्या काळात फिरत्या तंबूत काम केलेली एक म्हातारी अजून जिवंत आहे आणि बोलतेही फार, असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. त्यांनी वही उघडली, चष्मा पुसला आणि विचारलं, "आजी, तुमच्याकडं तो घोड्यांचा अमेरिकन चित्रपट होता ना, त्यात नेमकी गोष्ट काय होती?"

आता काय सांगू? तो खेळ मी तीन हंगाम पाहिला. त्याची फीत माझ्या बोटांखालून इतक्यांदा गेली की आंधळी झाले असते तरी भोकं चाचपून कुठला प्रसंग ते सांगितलं असतं. बायकांना त्याची गोष्ट सांगायचं कामही माझंच. आणि तरीही त्यात चोर कोण नि साव कोण हे मला तेव्हा कळलं नाही, आजही कळलेलं नाही. बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. दिवाळी अंकाच्या संपादकांना मात्र हे ऐकून हुरूप आला. "कळलं नाही तेच लिहा," म्हणाले. तेव्हा हा गोंधळ जसा होता तसा मांडते. वाचणाऱ्याला उलगडला तर मला जरूर कळवावं.

लढाईची वर्षं होती. सोलापुरात बोलपट येऊन जुने झाले होते, पण आमच्या मुलखात वीज कुठं होती? माझे सासरे, त्यांना आम्ही मामंजी म्हणत असू, सोलापूरच्या एका मोडीत निघालेल्या थिएटरातून हातानं फिरवायचं मशीन आणि मुक्या चित्रपटांचे डबे घेऊन आले. उजेडासाठी रॉकेलचं इंजिन. सुगी झाली की बैलगाड्या जुंपायच्या आणि उमरगा, तुळजापूर, कळंब असं बाजारांच्या गावी तंबू ठोकत फिरायचं. सोलापूरची हद्द ओलांडली की करोडगिरीचा नाका लागे. करोडगिरी म्हणजे निजाम सरकारची जकात. तिथल्या कारकुनानं पहिल्या खेपेला डबा उघडला, फीत वर ओढली, उजेडाला धरली आणि विचारलं, "इतना छोटा छोटा आदमी कायकू?" त्याला उत्तर देता देता मामंजींना संध्याकाळ झाली.

मशीनचा दांडा आमचे हे फिरवायचे. दांड्याचा वेग तोच खेळाचा वेग. यांना भूक लागली की घोडे चौखूर उधळत आणि मेलेली माणसंसुद्धा घाईनं मरत. मी सतरा वर्षांची, सोलापुरात चौथीपर्यंत शिकलेली, म्हणजे माझ्या मते साऱ्या जगात शहाणी. माझ्याकडं फीत जोडायचं काम आलं. जुनी फीत रोज दोन-चार ठिकाणी तुटायची. तुटलेली टोकं सरळ कापायची, एका टोकावरचा चित्राचा मसाला पात्यानं खरवडायचा, त्यावर एक औषध लावायचं आणि दुसरं टोक दाबून धरायचं. त्या औषधाला पिकल्या केळीचा वास यायचा, त्यामुळं तंबूत सदा भुकेल्यासारखं वाटे. एका चित्राला कडेची चार भोकं. त्यातलं एक जरी चुकलं, तरी माणसाचं डोकं पडद्याच्या तळाला आणि पाय माथ्यावर. पहिल्या महिन्यात मी असे पुष्कळ लोक उलटे चालवले. एकदा तर अख्खा तुकडा पालथा जोडला. उजव्या हातानं गोळी मारणारा गडी मधेच डावखुरा झाला. मामंजींनी विचारल्यावर मी ठणकावून म्हणाले, "त्याचा हात दुखावलाय, तुम्ही नीट बघितलं न्हाय." मामंजींनी खरंच दुसऱ्या दिवशी नीट बघितलं. इतकं आमच्याकडं शहाणपण होतं.

आमच्या तंबूची बसण्याची रीत सांगायला हवी, कारण सगळं पुराण तिच्यातूनच निघालं. पडदा तंबूच्या मधोमध. पुरुष पुढच्या बाजूला, बायका पडद्याच्या मागं. मधला कपडा पातळ होता आणि खेळाआधी त्यावर पाणी मारायचं, म्हणजे चित्र आरपार दिसे. फक्त आमच्या बाजूला सगळं उलटं. पुरुषांचा घोडा उजवीकडं पळाला की आमचा डावीकडं. पुढं मामंजी हातात वेताची छडी घेऊन गोष्ट सांगत. मागं मी, डोक्यावर पदर घेऊन, स्टुलावर उभी.

मुक्या चित्रपटात मधूनमधून इंग्रजी अक्षरांच्या पाट्या येतात. कोण काय बोललं ते त्यात लिहिलेलं असतं. पुरुषांत इंग्रजी वाचणारा कुणी नव्हता. आमच्या बाजूला तर ती अक्षरंही उलटी. पाटी आली की पोरं रडायला लागत आणि उमरग्याकडची बायामाणसं आपसांत कानडीत पदार्थांच्या गप्पा सुरू करत. चौथी पास सूनबाईंनी विचार केला, ही अडगळ हवी कशाला? आणि एका दुपारी बसून मी त्या घोड्यांच्या चित्रपटातल्या सगळ्या पाट्या कापून काढल्या. सगळ्या. चित्र चित्राला जोडलं. काय झकास पळायला लागला खेळ! मी मामंजींना सांगितलंसुद्धा नाही, आणि लोकांकडं तोंड करून गोष्ट सांगणाऱ्या मामंजींच्या ते ध्यानातही आलं नाही. कापलेल्या पट्ट्या तुळजापूरच्या बाजारात पोरींनी वेणीत गुंफायला नेल्या. ती फीत काडी लागली तर बारुदासारखी पेटते, हे मला माहीत होतं. तरी दिल्या. माझ्या शहाणपणाची आणखी वेगळी ओळख करून द्यायला नको.

शेवटची एक पाटी तेवढी ठेवली. ती आल्याशिवाय लोक उठत नसत.

तर तो घोड्यांचा खेळ. त्याचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. पण लोक त्याच्यावर जीव टाकत, आणि का ते मी पुण्याच्या बाईंना सांगू शकले. त्यात राजवाडे नव्हते, देवादिक नव्हते. उघडं माळरान, बोडके डोंगर, धुरळा, पाण्यासाठी हंबरणारी गुरं. कळंबचे शेतकरी पैजेवर सांगत, "ही येडशीची घाटवाट हाय. म्या सोत्ता गेलोय तिथनं." गुरं चोरणारे आणि गुरं राखणारे हे सांगायला कुठल्या पाटीची गरज नव्हती. बाई म्हणाल्या, त्यातले घोडेस्वार पुष्कळदा खरेच गुराखी असत. गुरं हाकायचं त्यांचं काम तिकडं संपत आलं तेव्हा ते चित्रपटात घोडे पळवायला आले. म्हणजे आम्ही नाटक म्हणून जे पाहिलं, त्यात संपत चाललेली खरी माणसं होती. आणि त्या फिती आता जगात बहुतेक उरलेल्या नाहीत. जळाल्या, सडल्या, नाहीतर धुऊन चांदी काढणाऱ्यांनी नेल्या. आमचेही डबे पुढं तसेच गेले. "एखादा तुकडासुद्धा नाही का हो, आजी?" त्यांनी विचारलं. तिथं मात्र मी चहाचा विषय काढला. त्याचं कारण पुढं येईल.

खेळात दोन मुख्य गडी. एकाच्या छातीवर तारा, दुसऱ्याचं तोंड रुमालानं बांधलेलं. मामंजी पुढं सांगत, "हा तारेवाला सरकारी अंमलदार. आणि हा तोंड बांधल्याला चोर, गाडी लुटतोय!" मला ते पटेना. आमच्याकडं धुरळ्यात, खळ्यावर, कापूस पिंजताना सगळेच तोंड बांधतात. त्यात चोर कसला? उलट नदीकाठचा एक प्रसंग होता. एक म्हातारा छकड्यातून चाललाय. तारेवाला त्याला अडवतो, त्याच्या हातातली थैली घेतो आणि त्याला ढकलतो. मग तोंड बांधलेला गडी कड्यावरून घोड्यासकट नदीत उडी घेतो, तारेवाल्याच्या मागं. ती उडी! घोडा हवेत असताना बायकांच्या तोंडून आवाज फुटत नसे. मी सांगून मोकळी झाले, "बघा, सरकारी तारा लावून गरिबाला नागवतोय. आणि हा तोंड बांधल्याला आपला माणूस." कदाचित तारेवाला ती थैली सांभाळून ठेवायला घेत असेल. पाटीवर लिहिलं असणार. पाट्या तर पोरींच्या वेण्यांत होत्या.

कळंबला आमचा तंबू पंधरा दिवस सुरळीत चालला. धान्याचा बाजार भरात, गर्दी मायंदाळ. सोळाव्या दिवशी दुपारी अमीनसाहेब आले. अमीन म्हणजे तेव्हाचा फौजदार. सोबत दोन शिपाई आणि गावातले एक वकील. मी पडद्यामागं फीत गुंडाळत होते, ती तशीच थांबले. पुढं खुर्ची कुरकुरली, त्यावरून अमीनसाहेब बसल्याचं कळलं.

"तंबूवाले, तुम्हारे खेल में चोर कौन है?"

"हुजूर, तोंड बांधल्याला," मामंजी म्हणाले. "सारी दुनिया जाणती."

"मेरे घर की दुनिया नै जानती," अमीनसाहेब म्हणाले. "हफ्ते से घर में एकच झगडा. मैं बोलूं तो तारेवाला शरीफ. बेगम बोलतीं, तारेवाला लुटेरा. और बाहर? मेरा शिपाई कुएं पे से गया तो औरतां हंस को बोलतीं, आला बघा तारेवाला! ये कौन सिखाया?"

आमच्या तंबूत रोज येणारी गंगव्वा नावाची एक तेलीण होती. विहिरीवर हे तिचंच काम, हे मी ऐकताक्षणी ओळखलं. हसू फुटू नये म्हणून मी पदर तोंडात कोंबला.

"हुजूर, मागल्या बाजूला आमची सून सांगती," मामंजी म्हणाले. 

"पर्दे के पीछे कौन है?"

"मी हाय," मी कपड्याला सांगितलं.

"चोर कौन है, बेटी?"

मी म्हणाले, "कसं सांगू, साहेब? उजव्या बाजूनं वेगळा दिसतोय, डाव्या बाजूनं वेगळा." सतराव्या वर्षी हे मला फार चतुर वाटलं. एक शिपाई खोकला.

अमीनसाहेबांनी मग शांतपणे सांगितलं. हा खेळ रयतेला सरकारी माणसांविरुद्ध चिथावतो असं ठरलं, तर मशीन जप्त, परवाना रद्द, आणि जिल्ह्यात पुन्हा तंबू नाही. आमचं घर त्या मशीनवर उभं होतं. शेत नाही, दुसरा धंदा नाही. दांड्याला धरून उभे असलेले हे एकदम म्हणाले, "अन् मग आमी काय करावं, हुजूर?" 

मामंजींना तेवढ्यात सुचलं. "हुजूर, खेळात इंग्रजी पाट्या हायत की! कोण चोर, कोण साव, समदं लिवल्यालं असतंय. वकीलसाहेब वाचतील. मी खोटा निघालो तर मशीन तुमचं!"

माझ्या हातातलं रीळ खाली पडलं आणि फीत उलगडत पडद्याखालून सरळ अमीनसाहेबांच्या बुटापर्यंत गेली.

"सूनबाई, पाट्या काढून द्या," मामंजी म्हणाले.

"न्हायत, मामंजी."

"न्हायत म्हंजी?"

"कापल्या."

"किती?"

"एक ठिवलीय."

ती एक मी पडद्याखालून पुढं सरकवली. वकीलसाहेबांनी ती उन्हाला धरली, डोळे बारीक केले, घसा खाकरला आणि म्हणाले, "समाप्त."

"और?"

"और कुछ नहीं, हुजूर. समाप्त, इतनाच लिखा है."

"ये पढने को वकील लाया मैं?" अमीनसाहेब उठले.  मामंजींनी मला चापट मारली असती तर बरं वाटलं असतं. ते नुसते पडद्याकडं बघत राहिले. पातळ कपड्यातून त्यांची सावली मला दिसत होती, हात खाली सोडलेली.

अमीनसाहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं तोड काढली. दोन्ही बाजूंना एकच किस्सा सांगायचा. तारेवाला भला, तोंड बांधलेला चोर. आणि तो नदीकाठचा प्रसंग कापून त्याच्यासमोर जाळायचा. मग तंबू चालू राहील.

मी पातं घेतलं. खरं तर थैली घेण्याचा आणि ढकलण्याचा तेवढा तुकडा कापला असता तरी चाललं असतं. पण भीतीला माप नसतं. मी छकडा येतो तिथून कापायला सुरुवात केली ती पार नदी ओलांडून पलीकडं गेल्यावर थांबले. घोड्याची उडीसुद्धा त्यात गेली. ह्यांनी काडी लावली. भडका असा उठला की अमीनसाहेब खुर्चीसकट मागं सरले आणि वकीलसाहेबांचा रुमाल करपला. डोळ्याची पापणी लवेपर्यंत सगळं संपलं. राखसुद्धा धड उरली नाही.

पुण्याच्या बाईंना हे शेवटी सांगितलं तेव्हा त्यांनी वही मिटली. मग म्हणाल्या, "ती उडी मारणारा गडी आता दुसरीकडं कुठं उरला असेलच असं नाही, आजी." मी म्हटलं, "ठाऊक हाय, बाई. म्याच मारला."

कळंबला त्या संध्याकाळी खेळ लागला. मी स्टुलावर उभी राहून मोठ्यानं सांगायला लागले, म्हणजे पुढं बसलेल्या शिपायाला ऐकू जावं. "हा तारेवाला लई भला माणूस. आणि हा तोंड बांधल्याला चोर हाय."

गंगव्वा उठली. "यव्वा! काल पतोर तर हा आपला माणूस होता. एका दिसात चोर झाला?"

"झाला," मी म्हणाले.

"अन् नदीवरचा म्हातारा कुठं गेला?"

"आज आला न्हाय."

"आजारी हाय व्हय?"

बायका हसल्या, पण ते हसू माझ्या बाजूचं नव्हतं. गंगव्वानं आपलं बसायचं पोतं उचललं, वळवलं आणि पडद्याकडं पाठ करून बसली. मग तिच्या शेजारची वळली. हळूहळू सगळ्या. माझ्यासमोर नुसते अंबाडे. मी अंबाड्यांना गोष्ट सांगत राहिले. कोपऱ्यात अमीनसाहेबांच्या बेगम खुर्चीवर बसत, काळ्या बुरख्यात. त्या तेवढ्या वळल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "वो नदी वाला नै दिखाए आज?"

मी काय उत्तर देणार? तुमच्याच मालकांनी जाळला, म्हणू? मी ऐकलंच नाही असं दाखवलं आणि आवाज आणखी चढवला. खेळ संपला, बायका माझ्याकडं न बघता गेल्या. गंगव्वा जाताना म्हणाली, "उद्या यायचं न्हाय आमी. घरी चुलीपुढं बसून ह्याच्यापरीस बरी गोष्ट हुती."

पुढची बाजू भरलेली असली तरी मागची ओस पडली की तंबू तोट्यात. आणि ते जाऊ द्या. मला रात्रभर ते अंबाडे दिसत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तंबूत एकटी फीत पुसत होते. कनात उचलून बेगम आत आल्या. बरोबर कुणी नाही. मी उभी राहिले. वाटलं, झालं, आता मशीन गेलं. रात्री घरी जाऊन या बेगमनी काय सांगितलं असेल देव जाणे.

त्यांनी बुरखा वर केला. पहिल्यांदाच तोंड पाहिलं. माझ्याहून फार तर चार वर्षांनी मोठ्या असतील. नाकावर घाम होता.

"घर जा को मैं क्या बोली, मालूम?" त्या म्हणाल्या. "बोली, जी, तुमच सच्चे. तारेवालाच भला आदमी. मैं गलत समझी थी." त्या हसू दाबत होत्या. "साहब इत्ते खुश हुए, दो रोटी ज्यादा खाए. अब कुछ नै करते वो."

मी हातातलं फडकं खाली ठेवलं.

फितीचा एक रिकामा डबा पालथा करून त्या त्यावर बसल्या. मग कनातीकडं वळून हाक मारली, "आओ गं!" आणि कडेनं गंगव्वा आत आली, तिच्यामागं आणखी चौघी-पाच जणी, डोक्यावरचे हारे-टोपल्या तशाच घेऊन. कुणी माझ्याकडं बघून हसलं नाही. खाली बसल्या.

"अब सच्चा वाला बोल," बेगम म्हणाल्या. "नदी वाला. घोडा भी."

सच्चा कोणता, हे त्या तंबूत कुणाला ठाऊक होतं तर ते फक्त पाट्यांना, आणि त्या मी कापून बसले होते. पडदा कोरडा होता, मशीन गप्प होतं. आधी म्हाताऱ्यापासून सुरू करावं की तारेवाल्यापासून, तेही समजेना. मग मी पदर कमरेला खोचला, स्टुलावर चढले, दोन्ही हात लगाम धरल्यासारखे पुढं केले आणि कड्याच्या टोकाशी घोडा थांबवला.

"थांब, थांब," गंगव्वा म्हणाली, "आधी मला नीट बसू दे."